झोपवणाऱ्याच्या हातात काही नसते

आंजर्ल्याच्या खाडीपासून किनारा धरून दक्षिणेला जात राहिले की रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले मागे पडतात आणि बारदेशातले कांदोळी लागते. संमोहनाला जादूटोण्यातून बाहेर काढणारा माणूस 1756 मध्ये या गावात जन्मला. नाव जोसे कुस्तोदियो द फारिया. जग त्याला आबे फारिया म्हणून ओळखते. आपल्याच किनाऱ्याचा हा पाद्री, आणि तरीही कोकणात संमोहन म्हटले की अनेकांना आधी वशीकरण आठवते, करणी आणि मूठ आठवते. याची खंत वाटायला हवी.

फारिया लहान वयात वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला आणि पॅरिसला पोचला. तिथे मेस्मरचे नाव गाजून गेले होते. शरीरात चुंबकीय प्रवाह असतो, तो वळवून आपण रोग बरे करतो, असा या व्हिएन्नाच्या डॉक्टरचा दावा. 1784 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखी माणसे असलेल्या समितीने तो तपासला. प्रवाह कुठेच सापडला नाही. जो परिणाम दिसला तो कल्पनेचा, असा निर्वाळा देऊन समिती मोकळी झाली.

पण नुसत्या कल्पनेने अंगाला कंप सुटत असेल, वेदना थांबत असेल, तर ती कल्पनाच अभ्यासायला नको का?

फारियाने नेमके तेच केले. 1813 पासून तो पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर लोकांसमोर प्रयोग करू लागला. माणसाला खुर्चीत निवांत बसवायचे, डोळे मिटून चित्त एकवटायला सांगायचे आणि मग ठाम आवाजात एकच आज्ञा द्यायची, ‘झोपा!’ कुणी लगेच त्या अवस्थेत जाई, कुणी अजिबात जात नसे. आज्ञा तीच, देणारा तोच. मग फरक पडतो तो समोरच्या माणसात, हे त्याने ओळखले. झोपवणाऱ्याकडे कसलीही शक्ती नसते, असे त्याने स्वच्छ सांगितले. त्याबद्दल त्याच्या वाट्याला टिंगल आली. 1816 मध्ये त्याच्यावर प्रहसन रंगले, आणि 1819 मध्ये तो गरिबीत वारला.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. झग्यातला पाद्री पंजे पसरून पुढे झुकला आहे आणि समोरची बाई मागे कलंडते आहे. शिल्प म्हणून ते अप्रतिमच. मात्र बघणाऱ्याला वाटते, शक्ती त्या पंज्यांतूनच निघते आहे! फारियाने आयुष्यभर खोडून काढलेली समजूत त्याच्याच पुतळ्यातून लोकांच्या मनात पुन्हा रुजते.

या समजुतीवरच लोकलच्या डब्यात जाहिराती चिकटवणाऱ्या वशीकरणवाल्या बाबांचा धंदा चालतो. अलौकिक शक्तीच्या नावाने लुबाडणाऱ्यांना चाप लावणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 मध्ये आला, तोही त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर.

दुसरीकडे डॉक्टरांच्या हाती संमोहनाने खरोखर गुण येतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात स्तनाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या 200 स्त्रियांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी 15 मिनिटे संमोहन दिलेल्या स्त्रियांना भुलीचे औषध कमी लागले. वेदना, मळमळ आणि थकवाही कमी राहिला. बेल्जियममधल्या लिएज इथे 1992 पासून स्थानिक भुलीला संमोहनाची जोड देऊन शस्त्रक्रिया होत आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या आतड्याच्या जुनाट तक्रारींसाठी ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेतही या उपचाराला जागा आहे.

अर्थात संमोहनाने कॅन्सर जात नाही आणि मोडलेले हाड जुळत नाही. गेल्या जन्मीच्या आठवणी काढून देतो म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहावे. संमोहनाच्या अवस्थेत सुचवलेली खोटी गोष्टही मनाला खरी वाटू लागते. म्हणूनच हे काम प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाचेच.

राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. तिथल्या तज्ज्ञांच्या मदतीने जिल्ह्यातल्या सरकारी डॉक्टरांना या उपचाराचे रीतसर प्रशिक्षण देता येईल. आरोग्य विभागाने ते मनावर घ्यावे. आणि ‘संमोहनतज्ज्ञ’ अशी पाटी दिसली, तर वाचकांनी आत जाण्यापूर्वी पदवी आणि नोंदणी क्रमांक बेधडक विचारावा.