‘रांड’ ही शिवी कोणाची?

मित्रहो, आपल्या चळवळीतली पोरंसुद्धा भांडणात ‘रांडेच्या’ म्हणून मोकळी होतात. हटकलं तर उत्तर ठरलेलं असतं : “गावाकडची भाषा आहे, एवढं काय त्यात?” त्यात काय आहे, तेच आम्ही मांडतो आहोत.

मराठीत ‘रांड’ म्हणजे फक्त वेश्या नव्हे. रांड म्हणजे विधवाही. नवरा मेला की बाई ‘रांडावते’, ‘रंडकी’ होते. केशवपन झालेली विधवा ‘रांडमुंड’. गुजरातीत ‘रांडेली’ म्हणजे विधवा आणि पंजाबीत ‘रंडी’ म्हणजेही विधवा. विधवा आणि वेश्या, दोघी एकाच शब्दात कशा कोंबल्या गेल्या?

उत्तर बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात सापडतं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. नवरा मेल्यावर मागे उरलेली बाई या व्यवस्थेला धोका वाटते, कारण ती जातीबाहेर लग्न करू शकते. म्हणून तिला सती घालवायचं, नाहीतर सक्तीचं वैधव्य लादायचं. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र लहान मुलगी बायको म्हणून मिळते. म्हणूनच ‘रंडका’ ही शिवी झाली नाही, ‘रांड’ झाली. मालक नसलेली बाई म्हणजे बाजारातली बाई, असा हा हिशोब आहे. ज्यांनी विधवांची डोकी भादरली, त्यांच्याच घरात त्या विधवा गरोदर राहिल्या. म्हणून तर फुले दाम्पत्याला 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं.

आपल्या वस्त्यांतल्या मुलींसाठी याच व्यवस्थेने दुसरी युक्ती केली. मुरळीचं लग्न खंडोबाशी लावलं, जोगतिणीला यल्लम्माला सोडलं. देव मरत नाही, म्हणून देवाची बायको कधी विधवा होत नाही. तरी गावाने तिलाही रांडच म्हटलं! म्हणजे नवरा मेला तरी रांड, नवरा अमर असला तरी रांड. मग हा शब्द बाईच्या वागण्याबद्दल काहीच सांगत नाही. तिच्यावर हक्क कोणाचा, एवढंच तो विचारतो.

16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांची सभा भरली. बाबासाहेबांनी त्यांना ते जिणं सोडायला सांगितलं, आणि कठोर शब्दांत सांगितलं. पण धर्मांतरासारख्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर या बायकांचीही सभा व्हावी, त्यांचंही मत मोजलं जावं, हे त्यांच्या चळवळीने मानलं. आपण त्याच बायकांच्या नावाने शिव्या द्यायच्या?

19 मे 2022 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की देहविक्रय करणाऱ्या महिलांशी सन्मानाने वागा, त्यांना शिवीगाळ करू नका. जे पोलिसांना बंधनकारक, ते भीमसैनिकाला नको?

मनुस्मृती जाळली म्हणून आपण अभिमानाने सांगतो. पण तिचा निवाडा आपल्याच जिभेवर शाबूत आहे. विरोधकाला उत्तर द्यायचं तर मुद्द्याने द्या. त्याच्या आईला मध्ये आणाल, तर शिवी तुमची असेल, पण बोलत मनूच असेल.

जय भीम!