कनवटी नसलेली नऊवारी

२०१५ च्या नोव्हेंबरात ‘बाजीराव मस्तानी’तलं ‘पिंगा’ हे गाणं बाहेर आलं आणि महाराष्ट्राला एकाएकी इतिहासाचा कळवळा आला. काशीबाई नाचल्याच कशा? पेशव्यांच्या घरची बाई असं लुगडं नेसेल का? नऊ वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’च्या झलकीत संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले आणि पुन्हा तोच गदारोळ. ते दृश्य काढून टाकावं लागलं.

दोन्ही वेळा भांडण कशावरून होतं? घराण्याच्या अब्रूवरून. बाईच्या कपड्याबद्दल बोलायचं ते तेवढ्यापुरतंच. पदर कुठवर आला, कंबर किती दिसली. त्या कपड्यातली बाई दिवसभर करते काय, हे ना निषेध करणाऱ्यांनी विचारलं ना सिनेमा काढणाऱ्यांनी.

नऊवारी हे कामाचं वस्त्र आहे. कासोटा घातला की पाय मोकळे होतात. मग वाकता येतं, चढता येतं, चिखलात उभं राहता येतं. शेतातली बाई किंवा कोळीण ती गुडघ्यापर्यंत खोचून नेसते, वाड्यातली बाई घोट्यापर्यंत सोडते. नुसत्या नेसण्यावरून बाईची जात आणि तिचं काम ओळखू येत असे. आणि कनवटी! आपल्या आज्यांची सगळी खाजगी मालमत्ता, चार नाणी, एखादी किल्ली, सुपारीचं खांड, त्या खोचलेल्या टोकात असायची. पडद्यावरच्या नऊवारीत यातलं काय उरतं? ती शिवलेली असते, पायजम्यासारखी पायात घालायची, बाजूला चेन लावायची. नाचताना सुटू नये हे मला समजतं, नटीच्या सोयीला माझी हरकत नाही. पण ती सोय नाचापुरतीच का? त्या साडीत राणी कधी वाकत नाही, काही उचलत नाही, कनवटीला काही लावत नाही. ती जिना उतरते आणि आपण बघतो.

राणीचं एक वेळ सोडा. तिच्या मागे तबकं घेऊन उभ्या असलेल्या दासी आठवा. एका रंगाची लुगडी, एका मापाच्या चोळ्या, केसांत सारखे गजरे. कोण होत्या या बाया? पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. व्यभिचाराच्या आरोपावरून बाईला धरून सरकारात कुणबीण करून ठेवत. धान्य कांडायला, दळायला, पागेत शेण काढायला त्याच. त्यांच्या अंगावर जरीकाठ कुठून येणार? ऐतिहासिक अचूकतेचा एवढा गजर चालतो, राणीच्या नथीतले मोती मोजले जातात, आणि विकत घेतलेल्या बाईला मात्र नवं कोरं लुगडं नेसवून तिची गुलामी झाकून टाकतात. याविरुद्ध कुठे मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच ‘बाजीराव मस्तानी’त राधाबाईंच्या भूमिकेसाठी तन्वी आझमींनी डोक्यावरचे सगळे केस काढले. विधवेचं केशवपन भव्य पडद्यावर असं उघडं दिसणं ही लहान बाब नाही. पण अशा जागा थोड्या. एरवी आलवण नेसलेली बाई इतिहासपटात शोधावीच लागते.

आता हे कपडे करणाऱ्यांकडे वळते. भारताचं पहिलं ऑस्कर एका बाईनं आणलं आणि तेही कपड्यांसाठी. कोल्हापुरात जन्मलेल्या भानु अथैया यांना ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर ते मिळालं. ‘आम्रपाली’च्या वेळी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला होता. त्यांचा अभिमान आपण सगळ्याच बाळगतो. पण त्याच मुंबईत, नावातच ‘कॉस्च्युम’ असलेल्या कामगार संघटनेत, पाच दशकांहून जास्त काळ बायांना रंगभूषाकाराचं कार्ड मिळत नव्हतं. बाईनं केस विंचरावेत, रंग पुरुष लावेल! चारू खुराना आणि इतर बायांनी दाद मागितली, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम काढायला लावला. आणि ज्यांना कार्डच नाही, घरी बसून नगावर काम करतात, त्यांचं काय?

आमच्या शिवणवर्गातली एक मैत्रीण अशीच आहे. एका ठेकेदारानं तिला एका ऐतिहासिक चित्रपटाच्या गर्दीसाठी चाळीस नऊवाऱ्या शिवायला दिल्या. तेरा दिवस, रात्री जागून, पोरीला काजं-बटणं करायला बसवून तिनं त्या पुऱ्या केल्या. भाव आधी ठरला होता. माल पोचल्यावर तीन साड्यांना उसवल्याचं खोट दाखवून पैसे कापले. मैत्रिणींनो, इतिहास खरा दाखवा अशी मागणी करायची असेल, तर आधी ही करू या: कपडे शिवणाऱ्या प्रत्येक हाताचं नाव पाटीवर, आणि ठरलेली मजुरी माल उचलतानाच.

सिनेमा लागला तेव्हा ती स्वतःचं तिकीट काढून गेली. गर्दीचं दृश्य रात्रीचं होतं, मशालींच्या उजेडात तिला आपली एकही नऊवारी ओळखता आली नाही. लोक उठून गेले तरी ती नावांची पाटी संपेपर्यंत बसून राहिली. ठेकेदाराचं नाव होतं. तिचे चौदाशे रुपये अजून यायचे आहेत.