जनुक-संपादित भात : प्रश्न जनुकाचा, की त्याच्या कळीचा?

नवी दिल्ली : ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ या जनुक-संपादित भातवाणांची घोषणा मे २०२५ मध्ये झाली. तेव्हापासूनची चर्चा मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे : वाणात परका डीएनए उरला आहे काय? जनुक कोठे, केव्हा आणि किती चालावे हे ठरवणारी कळ, म्हणजेच प्रवर्तक किंवा प्रमोटर, या चर्चेत अभावानेच येते.

भाताच्या पानांत बीटा-कॅरोटिन असते. पांढऱ्या दाण्यात, म्हणजे भ्रूणपोषात, ते तयार होत नाही. म्हणून ‘गोल्डन राईस’साठी बाहेरची जनुके ग्लुटेलिन या साठवण-प्रथिनाच्या प्रवर्तकाला जोडण्यात आली. दाणा भरू लागला की ठरावीक नियंत्रक प्रथिने या प्रवर्तकावरील छोट्या खुणांना चिकटतात आणि जनुक कार्यान्वित होते. पाने-मुळांत ते शांत राहावे, ही अपेक्षा.

ही अपेक्षा प्रत्येक वेळी खरी ठरत नाही. पूर्व भारतात लोकप्रिय असलेल्या ‘स्वर्णा’ वाणात हा गुण उतरवण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष भारतीय शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडले. रोपे खुजी राहिली, पाने फिकट पडली. परकी जनुके भाताच्या मूळच्या ‘ऑक्स-१’ जनुकात जाऊन बसली होती, हे मोठे कारण. पण केवळ दाण्यापुरती म्हणून योजलेली जनुके पानांतही चालू असल्याचे आढळले, आणि हरितद्रव्य व संप्रेरकांचे संतुलन ढळले.

पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये परका डीएनए नसलेल्या एसडीएन-१ व एसडीएन-२ प्रकारच्या वनस्पतींना १९८९ च्या नियमावलीतील नियम ७ ते ११ मधून सूट दिली. बाहेरचा प्रवर्तक जोडल्यास जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची पायरी चुकत नाही. मूळच्याच प्रवर्तकातील काही अक्षरे गाळली, तर मात्र ही सूट मिळू शकते.

असा बदल क्षुल्लक असतोच असे नाही. चीनमधील संशोधकांनी ‘वॅक्सी’ जनुकाच्या प्रवर्तकात काटछाट करून दाण्यातील अमायलोजचे प्रमाण कमी केले. जनुक तेच, भात मऊ. खाणाऱ्याला ते रुचेलही, परंतु अमायलोज कमी असलेला भात सामान्यतः लवकर पचतो आणि रक्तातील साखर वेगाने वाढवतो, हे मधुमेहींची संख्या मोठी असलेल्या देशाला नजरेआड करता येणार नाही.

सध्याच्या दोन वाणांत लक्ष्य सीकेएक्स२ आणि डीएसटी या जनुकांचे होते. प्रवर्तक-संपादित वाण रांगेत येतील, तेव्हा पान, मूळ आणि भरता दाणा यांतील जनुकाच्या क्रियाशीलतेचे आकडे वाणासोबतच जाहीर करण्याची अट घालणे मंत्रालयाला शक्य आहे. अशी मोजणी प्रयोगशाळांना नवी नाही.