आपल्या अंगणातले पाणी कोणत्या समुद्राला मिळते?

दिवाळीच्या सुट्टीत देवासला धाकट्या बहिणीकडे जाणे झाले. भाची यंदा नववीत आहे. शाळा हिंदी माध्यमाची, घरातली भाषा मात्र मराठी. भूगोलाचे पुस्तक पुढ्यात घेऊन ती नद्यांची नावे पाठ करीत होती. गंगेच्या उपनद्या झाल्या, गोदावरीच्या झाल्या, कृष्णेच्याही झाल्या. मी सहज विचारले, “अगं, तुमच्या अंगणात पावसाचे पाणी पडते, ते शेवटी कोणत्या समुद्राला जाऊन मिळते?” ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, “मामा, देवासला कुठे आहे हो समुद्र?”

सारे हसले. मीही हसलो, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न माझ्यावरच उलटला. माझे बालपण धारला गेले. त्या वयात मला तरी हे उत्तर देता आले असते काय? आपल्यापैकी अनेक घराण्यांची सहा-सात पिढ्यांची हयात या मातीत गेली. पवारांच्या धारेचा आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या भूमीवर तो इतिहास घडला, तिचा उतार कोणीकडे आहे, हे घरात क्वचितच कोणी सांगते. म्हणून या महिन्याचे सदर भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. घरबसल्या, एक पैसाही न मोजता, संगणकावर किंवा मोबाईलवर जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांचा परिचय करून द्यावा आणि तो आपल्याच दोन जिल्ह्यांच्या उदाहरणाने करून द्यावा, असा विचार आहे.

प्रथम भाचीचा प्रश्न सोडवू. देवासचे पाणी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागला गंगेला. म्हणजे देवासच्या अंगणातला थेंब बंगालच्या उपसागराचा प्रवासी आहे. बागलीजवळ उगम पावणारी काली सिंध हीसुद्धा चंबळेचीच वाट धरते. परंतु त्याच देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नेमावर आहे. तिथे पडलेले पाणी नर्मदेला मिळते व पश्चिमेकडे अरबी समुद्रात जाते. एकाच जिल्ह्यातले दोन थेंब दोन समुद्रांना!

धार जिल्ह्याची कथा याहून मनोरंजक आहे. तिथे पाण्याच्या तीन वाटा आहेत. उत्तरेकडचे पाणी चंबळेकडे वाहते. दक्षिणेकडे मनावर, कुक्षी, धरमपुरी या भागांतले पाणी नर्मदेला मिळते. आणि सरदारपूरजवळ मही नदीचा उगम आहे. ती राजस्थानात शिरते व तिथून वळून गुजरातेत खंबायतच्या आखाताला मिळते. कर्कवृत्त दोनदा ओलांडणारी नदी म्हणून भूगोलाच्या पुस्तकांतून तिचा उल्लेख असतो. पण ती आपल्या धार जिल्ह्यात जन्मते, हे धारच्या किती मुलांना ठाऊक असेल?

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पहिले साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे. हा विभाग १७६७ साली स्थापन झाला. त्याचे स्थलनिर्देशक नकाशे पूर्वी सामान्य माणसाच्या हाती सहजासहजी पडत नसत. २०१७ साली, विभागाला अडीचशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, ते महाजालावरून विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. आता विभागाच्या संकेतस्थळावर नावाची नोंदणी करून ते उतरवून घेता येतात. त्यांचे प्रमाण एकास पन्नास हजार असते, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. जुन्या पद्धतीच्या क्रमांकांप्रमाणे धार शहर ‘४६ एन’ या पत्रकसमूहात येते आणि देवास ‘५५ बी’ मध्ये. कारण ७६ अंश पूर्व रेखावृत्त इंदूर व देवास यांच्या मधून जाते. या नकाशावर तपकिरी रंगाच्या समोच्च रेषा असतात. जिथे त्या एकमेकींना चिकटून दाटीवाटीने येतात, तिथे उभा उतार. मांडूच्या दक्षिणेला त्या कशा गर्दी करतात, ते पाहावे. रूपमतीच्या मंडपातून खाली निमाडचे विस्तीर्ण मैदान का दिसते, याचे उत्तर त्या रेषांत आहे. माळव्याचे पठार तिथे संपते आणि नर्मदेचे खोरे सुरू होते.

हाच नकाशा घेऊन एक गणितही करता येते. धारचे रेखांश सुमारे ७५.३ आणि देवासचे सुमारे ७६.०५. फरक पाऊण अंशाचा. एका अंशाला ४ मिनिटे, या हिशेबाने धारपेक्षा देवासला मध्यान्ह ३ मिनिटे आधी होते. आपले प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२.५ अंशांवर आहे. तेव्हा आपल्या घड्याळात बारा वाजतात त्या वेळी धारला सूर्य किती मागे असतो, हे मुलांनी स्वतः काढावे. पुस्तकातल्या ग्रीनिचच्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण मनात अधिक रुजते.

दुसरे साधन उपग्रहचित्रांचे. आपल्या इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ साली सुरू झाले. त्यात शालेय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. ‘गूगल अर्थ’ तर आता घरोघरी परिचित आहे. पण त्यात जुन्या वर्षांची चित्रे पाहण्याची सोय आहे, तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. खरा अभ्यास तिथेच आहे, आणि त्यासाठी देवाससारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही.

वडीलधाऱ्यांना आठवत असेल, १९९० च्या एप्रिलमध्ये देवासची तहान भागवण्यासाठी इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या हिंदी पुस्तकात त्याची नोंद आहे. जुनी तळी बुजवली, विहिरींवरचे लक्ष गेले, कूपनलिका खोल खोल जात राहिल्या, आणि काळ्या मातीखालच्या बेसॉल्ट खडकाने आपली मर्यादा दाखवून दिली. तो अखंड खडक पाणी साठवतो ते केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत; उपसा झाला की भांडे रिते. पुढे २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदण्यास सुरुवात केली. त्यांना ‘रेवा सागर’ असे नाव मिळाले. टोंक खुर्द परिसराचे २००६ पूर्वीचे चित्र आणि त्यानंतरच्या वर्षांचे चित्र शेजारी शेजारी ठेवून मुलांना तळी मोजायला सांगावीत. पाणी म्हणजे काय आणि माणसाच्या हाताने भूगोल कसा बदलतो, हे त्या एका तासात कळते.

येथे दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, दोन्ही चित्रे एकाच महिन्याची असावीत. ऑक्टोबरातले भरलेले तळे आणि मे महिन्यातली कोरडी खाच यांची तुलना केल्यास निष्कर्ष चुकेल. तसेच जानेवारीत माळवा हिरवागार दिसतो, तो गव्हामुळे. त्यास अरण्य समजू नये. दुसरी सूचना चित्राच्या सूक्ष्मतेची. लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रे विनामूल्य मिळतात. परंतु त्यांतला एक ठिपका ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद जमिनीचा असतो. एक एकराचे तळे अशा साडेचार ठिपक्यांत मावते. त्याहून लहान तळे त्यात दिसले नाही, म्हणून ते नाही असे म्हणू नये.

तिसरे साधन केंद्र सरकारच्या जलसंपदा माहिती प्रणालीचे. ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ या नावाने ते शोधावे. नद्यांची खोरी, धरणे, भूजलाची पातळी हे सारे त्यात नकाशावर पाहता येते. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडले जाऊ लागले. निसर्गाने आखलेला जलविभाजक माणसाने नळाने ओलांडला! तो किती उंच आहे आणि त्यासाठी वीज का लागते, हा प्रश्न वर्गात अवश्य घ्यावा.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांसाठी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे ग्रंथालय आहे. सर जॉन माल्कमचे माळव्यावरील १८२३ चे दोन खंड तिथे वाचावयास मिळतात. ते परक्या राज्यकर्त्याच्या दृष्टीने लिहिलेले आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावेत; पण दोनशे वर्षांपूर्वीच्या वाटा, पिके आणि गावे त्यांतून समोर उभी राहतात.

आता आपल्या घराचा खास प्रश्न. आपली मुले भूगोल हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात. रेखांशास हिंदीत ‘देशांतर’ म्हणतात. मराठी आजोबांना वाटते, नातू परदेशी निघाला! भरती-ओहोटीला तिकडे ‘ज्वार-भाटा’, नकाशाला ‘मानचित्र’. दोन्ही शब्द मुलांना यावेत, त्यात हानी नाही. हानी आहे ती मराठी शब्द गळून पडण्यात. त्यासाठी बालभारतीची मराठी भूगोलाची पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य आहेत. १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेला मराठी विश्वकोशही तिथे संपूर्ण वाचता येतो. शाळेतला धडा झाला की तोच विषय मराठीत एकदा वाचावा. अर्धा तास पुरे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. परदेशी संकेतस्थळांवर भारताच्या सीमा कधी कधी निराळ्या दाखवलेल्या असतात. शाळेच्या वहीत नकाशा काढताना सर्वेक्षण विभागाचाच नकाशा प्रमाण मानावा. गावांच्या नावांतही चुका असतात; त्या दुरुस्त करणे हा एक उत्तम गृहपाठ आहे.

शिक्षकांना वाटेल, वर्गात एवढे संगणक आणायचे कोठून? त्यांची गरज नाही. शिक्षकाच्या एका मोबाईलवर नकाशा उतरवून घ्यावा, त्याची एक मोठी प्रत छापून फळ्यावर लावावी, आणि मुलांना त्यावर आपले गाव, जवळचा नाला व त्याची पुढची वाट शोधू द्यावी. मग एका रविवारी तोच नाला पायी पाहून यावा. उपग्रहाला नाला दिसतो. त्याच्या काठची माती हाताला कशी लागते, ते पायी गेल्याशिवाय कळत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भाचीने नकाशावर बोट ठेवून क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा अशी वाट काढली. बोट बंगालच्या उपसागरापाशी थांबल्यावर ती आईला हाक मारून म्हणाली, “आई, आपलं पाणी प्रयागवरून जातं गं!” ते ऐकून बहीण हातातले काम टाकून नकाशापाशी आली. तिनेही ती वाट प्रथमच पाहिली होती.

वाचकहो, आपापल्या घरी हा प्रश्न एकदा विचारून पाहावा. उत्तर येईल न येईल. पण ते शोधताना सारे घर एका नकाशावर वाकेल, एवढे निश्चित.