श्वासाची साक्ष

सदर : साहस आणि शिस्त

पाण्याखाली मंद गतीने पोहणाऱ्या माणसाचे शरीर मिनिटाला सुमारे एक लिटर प्राणवायू खर्च करते, आणि तो माणूस दहा मीटरवर असो की शंभर मीटरवर, या हिशेबात फारसा फरक पडत नाही. परंतु नेहमीच्या स्कूबा टाकीवर श्वास घेणारा डायव्हर शंभर मीटर खोलीवर, जिथे दाब पृष्ठभागाच्या अकरापट असतो, तिथे मिनिटाला दोनशेहून अधिक लिटर वायू ओढतो आणि जवळजवळ तेवढाच बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडून देतो. हा अपव्यय थांबवावा, उच्छ्वास पुन्हा पुन्हा वापरात आणावा, त्यातील कार्बन डायऑक्साइड सोडालाइमच्या डब्यात शोषून घ्यावा आणि जेवढा प्राणवायू खर्ची पडला तेवढ्याचीच भरपाई करावी, या कल्पनेवर क्लोज्ड सर्किट रिब्रीदर हे यंत्र उभे आहे. कल्पना जुनी आहे. हेन्री फ्लूस याने १८७८ साली सिद्ध केलेले उपकरण पाठीवर घेऊन अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या १८८० च्या नोव्हेंबरात सेव्हर्न नदीखालच्या पाण्याने भरलेल्या बोगद्यात शिरला, आणि हवेची लांब नळी ओढत जाताना जे लोखंडी दार त्याला पूर्वी गाठता आले नव्हते ते त्याने या वेळी गाठून बंद केले. नौदलांनी पुढे हे यंत्र आपलेसे केले. हौशी डायव्हरच्या हाती ते १९९७ च्या सुमारास, इंग्लंडातील एका कारखान्याने ‘इन्स्पिरेशन’ नावाचे यंत्र विक्रीस काढल्यावर, खऱ्या अर्थाने आले.

आज या यंत्राचे शिक्षण बहुतेक संस्था तीन पायऱ्यांनी देतात. पहिली तीस-चाळीस मीटरपर्यंतची, दुसरी हेलियममिश्रित वायूवर साठ मीटरपर्यंतची आणि तिसरी शंभर मीटरपर्यंतची. म्हणजे प्रगतीचे माप मीटरमध्ये घेतले जाते, आणि माझा आक्षेप नेमका या मापावर आहे. कारण रिब्रीदरच्या उच्च शिक्षणात जे शिकायचे ते खोली नव्हे, तर आपल्याला बरे वाटते आहे या शरीराने दिलेल्या साक्षीवर विसंबून न राहण्याची सवय होय.

ही साक्ष किती अविश्वसनीय आहे ते पाहावे. श्वसनमार्गातील प्राणवायूचा दाब फार घटला, तर डायव्हरला ना धाप लागते ना गुदमरल्यासारखे होते. तो शांतपणे शुद्ध हरपतो. दाब फार वाढला, तर एखादी पूर्वसूचना न मिळताच अपस्मारासारखे झटके येतात आणि तोंडातील नळी सुटून माणूस बुडतो. १९३९ साली ‘थीटिस’ या ब्रिटिश पाणबुडीत ९९ माणसे दगावल्यानंतर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दाबकोठडीत स्वतःच्याच देहावर प्रयोग आरंभिले, आणि प्राणवायूच्या विषबाधेने आलेल्या झटक्यात त्यांच्या पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, या देशाचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले, ही गोष्ट आपल्याकडे त्यांच्या जीवशास्त्रातील कार्याच्या निमित्ताने सांगितली जाते. पाण्याखालील श्वसनाच्या शास्त्रावरील त्यांचे ऋण मात्र क्वचितच कोणी स्मरते. महायुद्धाच्या त्याच काळात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलात केलेल्या विस्तृत प्रयोगांतून असे दिसले की, प्राणवायू सोसण्याची शक्ती माणसामाणसांत तर भिन्न असतेच, परंतु एकाच माणसाची आजची मर्यादा उद्या कायम राहील अशीही शाश्वती नाही. काल सोसले म्हणून आज सोसेल, हा अनुभवाचा दाखला इथे ग्राह्य धरता येत नाही.

तिसरा शत्रू कार्बन डायऑक्साइड, आणि माझ्या मते सर्वांत कपटी. त्याची धाप जाणवते खरी, परंतु ती जाणवेपर्यंत विचारशक्ती मंदावलेली असते, आणि श्वासाची ओढ इतकी अनावर होते की तोंडातील नळी क्षणभर काढून राखीव टाकीची नळी घेणे, म्हणजे ज्याला बेलआउट म्हणतात ते करणे, हेच अशक्यप्राय होऊन बसते.

डेव्हिड शॉ यांचे उदाहरण या संदर्भात टाळता येत नाही. हे ऑस्ट्रेलियन वैमानिक २००४ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्स होल या जलविवरात रिब्रीदरवर २७० मीटरपर्यंत उतरले, आणि तिथे त्यांना दहा वर्षांपूर्वी बुडालेल्या एका तरुणाचा देह आढळला. तो आईवडिलांच्या स्वाधीन करावा या हेतूने, पोलिसांच्या संमतीने आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या बंदोबस्तासह ते ८ जानेवारी २००५ रोजी पुन्हा उतरले. तळाशी केवळ सांगाडा असेल अशा अंदाजाने सारी तजवीज केली होती. प्रत्यक्षात तो देह सुटून तरंगू लागला, दोरी दिव्याच्या तारेत अडकली, आणि ती सोडवण्याच्या धडपडीत श्वास भरभर होऊ लागला. अठ्ठावीस वातावरणांच्या दाबाखाली हेलियमसारखा हलका वायूही इतका दाट होतो की, श्वास आतबाहेर करण्याच्या श्रमांतूनच नवा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि फुप्फुसांना तो पुरता बाहेर टाकता येत नाही. शिरस्त्राणावरील कॅमेऱ्याने त्या श्वासांचा आवाज अखेरपर्यंत नोंदवला, आणि वैद्यकतज्ज्ञांनी पुढे त्या नोंदीच्या आधारे मृत्यूचे हे कारण निश्चित केले. शॉ यांचे सहकारी डॉन शर्ली त्यांच्या मदतीसाठी २५० मीटरच्या आसपास पोचले असता त्यांच्या यंत्राचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक दाबाने निकामी झाला; मित्राचा दिवा खाली दिसत असतानाही त्यांनी तिथूनच माघार घेतली, हाताने प्राणवायू सोडत यंत्र चालवले, आणि अंतःकर्णातील विकाराने भोवळ येत असतानाही टप्प्याटप्प्याने अनेक तासांनी ते जिवंत वर आले. शॉ यांच्या हेतूची थोरवी मी कमी लेखत नाही. परंतु शिक्षणाचा पाठ म्हणून विद्यार्थ्यापुढे ठेवायचा झाल्यास मी शर्ली यांची ती माघार ठेवीन.

अशा विक्रमी खोलीवरच माणसे मरतात, असा समज मात्र होऊ नये. अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातील हौशी रिब्रीदर डायव्हरांच्या १८१ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साध्या स्कूबाच्या तुलनेत धोका सुमारे दसपट असल्याचा अंदाज आहे, आणि त्याहून विचार करण्याजोगी बाब ही की, सुमारे दोन-तृतीयांश मृत्यूंचा संबंध धोका पत्करण्याच्या वर्तनाशी दिसून आला, ज्यात यंत्रातील दोष ठाऊक असताना किंवा इशारा वाजत असताना बुडी सुरू करणे वा चालू ठेवणे यांचाही समावेश होता. यंत्र बोलत होते. ऐकणाऱ्याने स्वतःच्या प्रकृतीवर अधिक भरवसा ठेवला.

म्हणून चांगला शिक्षक विद्यार्थ्याला प्रथम जुन्या विद्येपासून सोडवतो. साध्या स्कूबात दीर्घ श्वास घेतला की शरीर किंचित वर उचलले जाते, आणि वर्षानुवर्षे डायव्हर याच युक्तीने आपला तोल सांभाळत असतो. रिब्रीदरमध्ये वायू फुप्फुसातून यंत्राच्या पिशवीत आणि पिशवीतून फुप्फुसात एवढाच जातो, त्यामुळे ती युक्ती चालत नाही आणि मुरलेला डायव्हरही काही दिवस नवशिक्यासारखा अडखळतो. मग येतो तपासणीचा तक्ता, जो पाठ असला तरी हातात धरूनच वाचायचा. बुडीपूर्वी पाच मिनिटे यंत्रावर श्वास घेऊन पाहण्याचा प्रघात उपयुक्त आहे, कारण प्राणवायूचा पुरवठा चालतो की नाही हे त्यातून कळते; परंतु न्यूझीलंडमधील संशोधकांनी घेतलेल्या चाचणीत सोडालाइम संपूर्ण काढून टाकलेल्या यंत्रावरही काही जणांना पाच मिनिटांत धोका जाणवला नाही, आणि अंशतः निकामी डब्यावर तर बहुतेकांना जाणवला नाही. डबा नीट भरला आहे याची खातरजमा भरतानाच करावी लागते. तीन प्राणवायू-सेन्सरांपैकी दोन जुळले म्हणून ते खरे, हेही गृहीत धरता येत नाही, कारण एकाच वेळी बसवलेले सेन्सर एकाच वेळी जुने होतात. ज्या वायूतील प्राणवायूचे प्रमाण ठाऊक आहे तो यंत्रात सोडून आकडा पडताळून पाहणे, हाच त्यावरचा मार्ग.

तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात पहिली बुडी घेऊन पुढे मोठ्या शिक्षणाच्या ओढीने देशाबाहेर जाणारे मराठी तरुण आता असतील, आणि त्यांचे मला कौतुक आहे. त्यांनी शिक्षकाला शुल्क देण्यापूर्वी असे विचारावे की, तुमच्याकडे किती जण नापास होतात. कारण जो शिक्षक कोणालाच नापास करत नाही त्याची सनद घेऊन शंभर मीटरवर जाणे धोक्याचे आहे. संस्थांकडे माझी मागणी याहून थोडी अधिक आहे. पुढच्या पायरीवर प्रवेश देताना गाठलेल्या खोलीऐवजी त्याच यंत्रावरील तास आणि बेलआउटच्या सरावांची नोंद पाहावी. सेन्सरांना असते तशी सनदेलाही मुदत असावी, आणि दीर्घ खंडानंतर ती पुनर्परीक्षेशिवाय चालू मानू नये. आणि सेन्सरचा आकडा पटला नाही म्हणून विद्यार्थ्याने बोटीवरच स्वतःहून बुडी तहकूब केली, तर परीक्षकाने त्या दिवसाची नोंद उत्तीर्णतेच्या बाजूने करावी.

— सागरमित्र