बंदूक गेली, लपण राहू द्या

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणारी उरलीसुरली शिकारही बंद झाली, हे आपल्या अरण्यांच्या दृष्टीने अत्यंत इष्ट असेच झाले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु शिकाऱ्याच्या हातातून बंदूक काढून घेताना त्याच्यापाशी असलेली आणखी एक गोष्ट आपण तिच्याबरोबरच टाकून दिली. रानात लपण म्हणजे आडोसा उभारण्याची, त्यात तासन्‌तास निश्चल बसण्याची, आणि आपल्या तेथे असण्याने रानातील एक पानही बिचकू नये अशा बेताने परत येण्याची विद्या ती हीच. बंदुकीचा अपराध या विद्येच्या माथी मारला गेला. तिचा पुनरुद्धार वनखात्याने आणि वनालगतच्या गावांनी मिळून करावा, आणि तोही लवकर, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही विद्या आज घरोघर जिवंत पाहावयाची असेल तर अमेरिकेच्या विस्कॉन्सिन किंवा मिशिगनसारख्या राज्यांतील शेतकऱ्याच्या रानात जावे लागते. विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अवघे नऊ दिवस चालतो; परंतु त्यासाठीचे लपण जाणता मनुष्य उन्हाळ्याच्या अखेरीसच बांधावयास घेतो, कारण नित्याच्या वाटेवर एकाएकी उभी राहिलेली वस्तू हरिण कित्येक दिवस विसरत नाही, आणि तिच्याविषयीची शंका फिटण्यास आठवड्यांचा अवधी द्यावाच लागतो. मोडक्या कोठाराच्या फळ्या, मालाच्या पेट्यांखालचे लाकडी पाट, जुन्या घराची एखादी खिडकी, चार भक्कम खांब आणि छपरासाठी पत्रा, एवढ्या सामग्रीवर पाच-सहा फूट लांबी-रुंदीची खोपी उभी राहते. तिचे सुतारकाम कोणासही दोन दिवसांत शिकता येईल. जागा निवडणे मात्र वर्षानुवर्षे रान पाहिल्यावाचून येत नाही.

जागेचा विचार आरंभी वाऱ्यापासून करावा लागतो. हरणाचे नाक हे त्याचे पहिले पहारेकरी. त्याच्याकडून आपल्याकडे वारा येत असेल तरच बसण्यात अर्थ, आणि तोच वारा उलटला की कितीही सुंदर बांधलेले लपण निरुपयोगी. शिवाय डोंगराळ मुलखात हवा दिवसभर एका दिशेने वाहत नाही. सकाळी ऊन चढू लागले की तापलेली हवा उताराने वर सरकते, आणि सायंकाळी गारवा पडला की ती दरीच्या अंगाने खाली उतरते. म्हणून सकाळची जागा आणि संध्याकाळची जागा बहुधा एक असू शकत नाही. त्यानंतर हरणांची वहिवाट पाहावयाची: ती कोठे विसावतात, कोठे चरतात, आणि या दोहोंमधील वाट कोणत्या झुडपांच्या आडाने काढतात. लपण त्या वाटेवर न घालता तिच्या कडेला, काही अंतर राखून घालावे, आणि आपण स्वतः तेथे जाण्यायेण्याची वाट तर सर्वस्वी निराळी असावी. कित्येक हौशी लोक नेमके येथेच चुकतात. खोपी उत्तम बांधतात आणि तिच्याकडे जाताना हरणांच्या विसाव्याच्या जागेतूनच चालत जातात. विहिरीची जागा पाहणारा पाणाड्या जसा आधी गावचे सगळे उतार पायांखाली घालतो, तसा शहाणा शिकारी आधी एक हंगामभर नुसता हिंडतो.

बांधणीत दोन गोष्टी सांभाळावयाच्या, अंधार आणि निःशब्दता. मागची भिंत पूर्ण बंद हवी, कारण पाठीमागून उजेड आला की समोरच्या फटीत माणसाची आकृती उमटते. आतील बाजू काळ्या रंगाने किंवा काळ्या कापडाने मढवावी, आणि आत बसणाऱ्याचे कपडेही काळपटच असावेत. बाहेरच्या अंगाला त्याच रानातील वाळके गवत आणि आपसूक पडलेल्या फांद्या बांधाव्यात. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्यामुळे तांबडा आणि नारिंगी रंग त्यास मंद व करडे दिसतात, परंतु निळ्या छटा त्यास चांगल्या कळतात, आणि हालचाल तर त्याहूनही चांगली कळते. म्हणूनच सार्वजनिक वनातील लपणावर १४४ चौरस इंचांचे भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड चहूबाजूंनी दिसेल असे लावण्याची सक्ती विस्कॉन्सिनचा कायदा करू शकतो. ते कापड दुसऱ्या शिकाऱ्यास दुरून दिसते आणि हरणाच्या नजरेत खुपत नाही. जमिनीवर जुन्या सतरंजीचा तुकडा टाकावा, फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने आवळाव्यात म्हणजे त्या थंडीत करकरत नाहीत, आणि बैठक अशी असावी की कूस बदलावी लागली तरी तिचा आवाज होऊ नये. मचाण उंच असेल तर खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा पट्ट्यांचा सुरक्षा-साज बांधल्यावाचून चढू नये, कारण उंचावरून पडणे हेच तिकडच्या शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक मोठे कारण आहे.

दुकानातून विकत आणलेल्या, आत शेगडी पेटवून आणि समोर मक्याचा ढीग ओतून बसावयाच्या खोक्यांविषयी मला आदर वाटत नाही. ज्याने वारा पाहिला नाही, वाट शोधली नाही, केवळ आमिष टाकून जनावर स्वतःपाशी बोलावले, त्याला रानाचे काय कळणार? आमिषाने दुसरा अनर्थही होतो. एका ढिगावर अनेक तोंडे लागतात आणि त्यातून रोग फैलावतो. विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू झिजविणारा असाध्य रोग २००२ साली आढळल्यानंतर तेथील अनेक जिल्ह्यांत आमिषास बंदी करावी लागली ती याच कारणाने.

तरीही तेथे शिकार चालू आहे, आणि तिच्या समर्थनार्थ जी कैफियत मांडली जाते तिच्यात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात जेमतेम पाच लाख पांढऱ्या शेपटीची हरणे उरली होती असा अंदाज आहे. आज ती अडीच-तीन कोटींच्या घरात आहेत, आणि त्यांना आवर घालणारे लांडगे बहुतेक प्रदेशांतून माणसानेच नष्ट केलेले आहेत. आल्डो लिओपोल्ड या थोर वनविद्यावेत्त्याने १९४० च्या दशकात विस्कॉन्सिनची हरणे कमी करावीत असा आग्रह धरला आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला, तो हरणांच्या द्वेषाने खचितच नव्हे. वाढलेले कळप कोवळी झाडे खाऊन अरण्यच संपवतात आणि अखेर स्वतः उपाशी मरतात, हे त्याने पाहिले होते. आपली स्थिती निराळी आहे. आपल्या अरण्यांत वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत. चितळ-सांबरांची संख्या आवरण्याचे काम ते करीत आहेत आणि ते करण्यास त्यांना पुरेसे चितळ-सांबर मिळणे हीच आपली खरी विवंचना आहे. तेव्हा बंदूक परत आणण्याचे प्रयोजन आपणापाशी नाही. मी मागतो आहे ते केवळ लपण.

आणि हे मागणे परकेही नाही. शिकवलेल्या बैलाच्या आडाने चालत काळविटांच्या कळपापर्यंत जाणारा पारधी हा आपल्याच माळरानांवरचा, आणि त्याचा तो बैल म्हणजे चालतेफिरते लपणच होते. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यास १९२६ च्या मे महिन्यात गुलाबरायच्या आंब्यावरील मचाणातून मारणारे जिम कॉर्बेट पुढे बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात अधिक रमले, आणि वाघांचे चित्रण करण्यासाठी ओढ्याकाठी आडोसा करून त्यांनी जो धीर दाखविला तो मचाणावरच शिकलेला होता. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ पासून १९६५ पर्यंत कान्ह्यात राहून चितळ, सांबर, बारशिंगा आणि वाघ यांचे जे निरीक्षण केले, त्यावर १९६७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. ते काम मुख्यतः डोळे, दुर्बीण, वही आणि बसण्याची तयारी यांच्या बळावर झाले. मराठीत तर व्यंकटेश माडगूळकरांसारखा शिकारीत मुरलेला लेखक नागझिऱ्याच्या रानात केवळ पाहण्यासाठी जाऊन राहिला, आणि मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून घालविलेल्या आयुष्यातून आपणास जे वाङ्मय दिले त्याच्या पाठीशी रानात चालण्याइतकेच रानात बसणेही होते.

वनखात्याचा एक जुना शिरस्ताही या विद्येवरच उभा होता. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास रानातले पाणी आटून थोड्याच जागी उरते, रात्रभर चांदणे असते, आणि प्रत्येक जनावरास चोवीस तासांत बहुधा एकदा तरी पाण्यावर यावे लागते; म्हणून त्या दिवशी पाणवठ्यांवरील मचाणांवर माणसे बसवून प्राण्यांची नोंद करीत असत. संख्येच्या गणनेसाठी ही रीत कच्ची होती, कारण एकच कळप दोन पाणवठ्यांवर मोजला जाऊ शकतो. सरिस्कातील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ साली उघड झाल्यानंतर गणनेच्या पद्धती बदलल्या, स्वयंचलित कॅमेरे आले, आणि ते योग्यच झाले. बुद्धपौर्णिमेचा तो उपक्रम आता शुल्क भरून येणाऱ्या हौशी लोकांसाठी ‘निसर्गानुभव’ म्हणून उरला आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु वर्षातील एका रात्रीने कोणाचीही नजर तयार होत नाही, आणि शहरातून आलेला मनुष्य सकाळी परत जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याने पाहिलेलेही निघून जाते. उरलेले वर्ष जिप्सीच्या रांगा वाघामागे धावतात, आणि वाटेत चरणारे चितळांचे कळप कोणी थांबून पाहत नाही. चितळाने पुढचा पाय आपटला की त्याला कशाची शंका आली, शेपटी उभारून तो कोणत्या दिशेस पाहतो आहे, झाडावरच्या वानराने खाकरताच कळपातील कोणती मादी प्रथम मान वर करते, हे धावत्या गाडीतून दिसण्यासारखे नाही.

म्हणून माझी तजवीज अशी आहे. ताडोबा आणि नवेगाव-नागझिरा यांच्या भोवतालच्या बफर क्षेत्रांत, त्याचप्रमाणे गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळाले आहेत त्यांच्या रानात, गावकऱ्यांनी स्वहस्ते लपणे बांधावीत. बांबूचे तट्टे, बल्ल्या, तणस आणि पऱ्हाट्या यांवाचून त्यास काही लागत नाही, आणि हे काम करणारे हात त्या गावांत आहेत. सिमेंटचे खांब आणि लोखंडी जिने नकोत. जिवंत फांदी तोडू नये. ज्या टापूत एकच पाणवठा उरला असेल तेथे लपण मुळीच घालू नये, कारण बिचकलेले जनावर तहानलेले परत जाईल. जेथे दोन-तीन पाणवठे जवळ आहेत तेथील एकावरच, काठापासून तीस-चाळीस पावलांवर, ते असावे. वाघ आणि अस्वल यांच्या रानात जमिनीवरचे लपण धोक्याचे असल्याने तेथे मचाणच बांधावे, त्यावर उजेडी चढावे आणि उजेडीच उतरावे, आणि सोबत वनरक्षक किंवा त्याने नेमलेला जाणता गावकरी असावा. अंधार पडल्यावर पायी परतण्याची मुभा कोणासही असू नये.

यावर अंमलदारांची हरकत काय असेल, हे मी जाणतो. उन्हाळ्यात पाणवठ्याशी दडून बसणारा दुसरा मनुष्य म्हणजे चोरटा शिकारी. त्याने केलेला आडोसा आणि गावाने केलेला आडोसा यांत भेद कसा करावयाचा? ही भीती निराधार नाही, आणि वनरक्षक जिवावर उदार होऊन अशा लोकांशी झुंजतात याचा मला विसर पडलेला नाही. परंतु उपाय अवघड नाही, आणि तो विस्कॉन्सिनने करून दाखविला आहे: तेथील सार्वजनिक वनातील लपणावर बांधणाऱ्याचे नाव व पत्ता किंवा तेथील सरकारी खात्याने दिलेला ग्राहक-क्रमांक लिहिलेला असावा लागतो. आपणही प्रत्येक लपणावर गावाचे नाव आणि वनखात्याचा क्रमांक असलेली पाटी लावावी, त्याची नोंद क्षेत्र कार्यालयाच्या दप्तरात ठेवावी, आणि पाटी नसलेला कोणताही आडोसा दिसताच मोडून टाकावा. उलट ज्या पाणवठ्यावर गावची दोन माणसे आळीपाळीने बसलेली आहेत तेथे चोरट्यास येण्याची छाती सहसा होणार नाही. या दृष्टीने लपण म्हणजे बंदोबस्तच आहे.

बसणाऱ्याने काय टिपावे हेही ठरवून द्यावे: वाऱ्याची दिशा, जनावर येण्याची व जाण्याची वेळ, नर किती, माद्या किती, पाडसे किती, नरांची शिंगे मखमलीची की कठीण, आणि कळप कशाने बिचकला. कॅमेऱ्याला पट्टे मोजता येतात. कळप कशाने बिचकला हे बसलेल्या माणसाने लिहावे लागते. वनालगतच्या शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना, घरच्यांच्या आणि वनरक्षकाच्या सोबतीने, हिवाळ्यातील सकाळी वाघ नसलेल्या रानकडेच्या लपणात बसू द्यावे. पाहुण्यांकडून घेतलेले शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जावे आणि एका लपणात एका वेळी तिघांहून अधिक पाहुणे बसवू नयेत. लपण नव्याने शाकारण्याचे काम दर वर्षी दिवाळीनंतर काढावे, म्हणजे नवे तणस हाताशी असते आणि वैशाखापर्यंत कळपांना ते ओळखीचे होऊन जाते.