बारा खुर्च्यांचे जेवण आणि भटारखान्याचा हिशेब

मे २०२५ मध्ये दुबईतील ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ या रेस्टॉरंटला मिशेलिन गाइडचे तीन तारे मिळाले. भारतीय जेवण देणाऱ्या जगातील कोणत्याही रेस्टॉरंटच्या वाट्याला हा मान त्याआधी आला नव्हता. २०२२ मध्ये एक तारा, २०२३ मध्ये दोन आणि मग तीन, अशी ही चढण होती. शेफ हिमांशू सैनी मूळचे दिल्लीचे. थरचे वाळवंट, दख्खनचे पठार, किनारपट्टी, हिमालय अशा प्रदेशांच्या चवी ते एकापाठोपाठ एक मांडतात. आणि बसायला जागा किती, तर अवघ्या वीस जणांना.

हा आकडाच या बातमीतला महत्त्वाचा भाग आहे. मोठमोठी हॉटेले मागे पडत आहेत आणि एका खोलीत मावणाऱ्या रेस्टॉरंटांचे नाव होत आहे. कसौलीजवळ २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘नार’मध्ये सोळा जण बसतात. मुंबईत वांद्र्याला २०२४ मध्ये उघडलेल्या ‘पापाज’मध्ये, जिथली सूत्रे शेफ हुसेन शहजाद यांच्याकडे आहेत, बारा जण. ही वाट मुंबईत त्याआधीच पडली होती. महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ मध्ये उघडलेल्या ‘मास्क’ने ‘मेन्यूकार्ड नाही, आम्ही वाढू ते जेवा’ ही पद्धत शहरात रुजवली.

याला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. दहा, पंधरा, कधी वीस पदार्थ, प्रत्येकी दोन-तीन घासांचे, ठरलेल्या क्रमाने समोर येतात. निवड जेवणाऱ्याची नाही, स्वयंपाक करणाऱ्याची. नाव परदेशी असले तरी कल्पना आपल्याला अनोळखी नाही. पंगतीत मीठ-लिंबापासून ताकभातापर्यंतचा क्रम यजमानच ठरवतो. इफ्तारच्या दस्तरखानवरही सगळे एकाच क्षणी, समोर आलेल्या खजुरापासून सुरुवात करतात. फरक एकच, पण मोठा. पंगतीत ऐनवेळी आलेल्या माणसासाठी एक पान वाढवता येते, दस्तरखानवर थोडे सरकून जागा करता येते. बारा खुर्च्यांच्या रेस्टॉरंटात तेराव्याला जागा नसते आणि त्याची किंमत त्या नसण्यावरच उभी असते.

टोकियोतील ‘सुकियाबाशी जिरो’ हे याचे टोकाचे उदाहरण. गिंझा भागात तळघरात दहा खुर्च्यांचे सुशीचे दुकान. पहिल्या टोकियो गाइडपासून त्याला तीन तारे होते. २०१९ मध्ये मिशेलिनने त्याचे नाव यादीतून काढले. चव घसरली म्हणून नव्हे, तर सामान्य माणसाला तिथे जागा राखून ठेवण्याची सोयच उरली नव्हती म्हणून. जिथे जनतेला प्रवेश नाही, त्याची शिफारस जनतेला कशी करायची, हा गाइडपुढचा साधा प्रश्न होता.

एवढ्या कमी खुर्च्यांवर धंदा चालतो कसा? समजा, बारा खुर्च्या आहेत, रोज एकच पंगत बसते आणि आठवड्यात पाच दिवस रेस्टॉरंट उघडे असते. म्हणजे आठवड्याला साठ माणसे जेवली. बसस्थानकाजवळच्या चाळीस खुर्च्यांच्या खानावळीत दुपारी चार वेळा टेबले भरली, तर एकाच दिवसात एकशे साठ जण जेवून जातात. तरीही लहान रेस्टॉरंटची बाजू अगदीच लंगडी नसते. पैसे बहुधा आगाऊ घेतलेले असतात. किती माणसे येणार आणि काय खाणार, हे सकाळीच ठाऊक असते. त्यामुळे बाजारहाट मोजून होते आणि उरलेले फेकावे लागत नाही. खानावळवाल्याला रोज अंदाजाने भाजी चिरावी लागते, ती चिंता इथे नाही.

हिशेब अडतो तो माणसांवर. वीस पदार्थ म्हणजे वीस तयाऱ्या. एक चटणी तीन दिवस आधी मुरायला ठेवायची, एक पान चिमट्याने उचलून नेमक्या जागी ठेवायचे. हे काम यंत्र करत नाही, हातांनाच करावे लागते. बारा पाहुण्यांसाठी आत दहा-बारा माणसे राबत असतील, तर पाहुण्याच्या बिलात एका माणसाचा जवळजवळ पूर्ण दिवसाचा रोजगार बसायला हवा. तो बसला नाही, तर तो भार त्या राबणाऱ्यानेच उचलला असे समजावे.

कोपनहेगनच्या ‘नोमा’ने हे जगापुढे उघड केले. २००३ मध्ये सुरू झालेले, रेने रेड्झेपी यांचे हे रेस्टॉरंट पाच वेळा जगात पहिले ठरले. तिथे काम शिकायला जगभरातून मुले जात आणि बराच काळ ती बिनपगारी राबत. स्पेनच्या गाजलेल्या ‘एल बुली’तही हाच रिवाज होता. नोमातील बिनपगारी कामावर २०२२ मध्ये टीका झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून शिकाऊ मुलांना पगार सुरू झाला. त्याने महिन्याचा खर्च सुमारे ५० हजार डॉलरनी वाढला. जानेवारी २०२३ मध्ये रेड्झेपींनी नियमित रेस्टॉरंट बंद करण्याचा इरादा जाहीर केला. सुमारे शंभर कर्मचाऱ्यांना योग्य मोबदला द्यायचा, दर्जा राखायचा आणि लोकांना परवडेल असा दर लावायचा, हे तिन्ही एकत्र जमत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते लगेच बंद झाले नाही. पण एका ताटामागे पाचशे डॉलरच्या आसपास घेणाऱ्या जागेचाही हिशेब फुकटच्या हातांशिवाय जुळत नव्हता, ही कबुली साऱ्या व्यवसायाला विचारात पाडणारी ठरली.

भारतात हा प्रश्न आता विचारायला हवा, कारण इथे ही रेस्टॉरंट नुकती उभी राहत आहेत. त्यांच्या भटारखान्यात उभी राहणारी मुले लहान शहरांतूनही येतात. हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम करणारी, शेतकऱ्याची, रिक्षावाल्याची, शिक्षकाची मुले. अभ्यासक्रमात काही महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते आणि नावाजलेल्या जागी ते मिळावे म्हणून चढाओढ असते. ‘नाव मिळेल, पैसे नंतर’ हे वाक्य अशा वेळी सहज खपते. पण ज्या घरून पैसे येऊ शकतात, त्याच घरातले मूल मुंबईत सहा महिने बिनपगारी राहू शकते. बाकीच्यांसाठी ते दार बंदच. म्हणजे जेवणाऱ्यांच्या खुर्च्या पैशाने मोजून झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्यांच्या जागाही पैशानेच मोजल्या जातात.

कायदा अगदी गप्प नाही. १९६१ च्या अप्रेंटिसशिप कायद्याखालील नियमांत २०१९ मध्ये सुधारणा होऊन शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान ५ ते ९ हजार रुपये विद्यावेतन ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. मात्र नोंदणी झालेला अप्रेंटिस वेगळा आणि ‘अनुभवासाठी’ थांबलेला मुलगा वेगळा. दुसऱ्याचे नाव कुठल्या वहीत येईलच असे नाही.

दुसरा मुद्दा सर्व्हिस चार्जचा. बिलावर तो सक्तीने लावू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ही रक्कम कर्मचाऱ्यांसाठी असते, असे रेस्टॉरंटवाल्यांचे म्हणणे होते. निकालाने निदान एक गोष्ट स्वच्छ केली. कामगाराचा मोबदला ग्राहकाच्या मर्जीवर सोडायचा नसेल, तर तो पदार्थाच्या किमतीतच धरायला हवा आणि ती किंमत उघडपणे सांगायला हवी. ठरलेला मेन्यू आणि ठरलेला दर असलेल्या लहान रेस्टॉरंटला हे सर्वांत सोपे आहे. किती माणसे जेवणार हे आधीच माहीत असलेल्याने किती पगार द्यायचा, हेही आधीच ठरवावे.

रमजानच्या दिवसांत ही चर्चा फक्त श्रीमंतांच्या टेबलापुरती ठेवणे अप्रामाणिक ठरेल. मुंबईत मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत आणि गावोगावच्या रमजान बाजारांत या महिन्यात मालपुवा, फिरनी, कबाब यांच्या गाड्या सेहरीच्या वेळेपर्यंत चालतात. तिथले दर कमी, गर्दी मोठी, जागा सगळ्यांना. पण कढईपुढचा पोरगा किती तास उभा आहे, त्याला महिन्याच्या बोलीवर घेतले की रोजावर, आणि ईदच्या आदल्या रात्री त्याचा हिशेब चुकता झाला का, हे प्रश्न तिथेही तेच. काम करून घेतल्यावर मजुरी देण्यात दिरंगाई नको, ही इस्लामची शिकवण सर्वांना ठाऊक आहे. ती बारा खुर्च्यांना जशी लागू, तशी बाराशे गिऱ्हाइकांच्या गाडीलाही लागू.

तीन ताऱ्यांचा अभिमान जरूर बाळगावा. आपल्या मसाल्यांना, आपल्या प्रदेशांना जगाने उशिरा का होईना मान दिला. पण शहरातले मूल शेफ व्हायला निघाले, की घरच्यांनी त्या जागेचे नाव विचारून थांबू नये. विद्यावेतन किती आणि ते लेखी आहे का, कामाचे तास किती, राहण्याची आणि जेवणाची सोय कोणाची, आठवड्याची सुट्टी कधी, हेही विचारावे. ज्या रेस्टॉरंटकडे या चार प्रश्नांची सरळ उत्तरे असतील, तिथे मूल निश्चिंत पाठवावे. आणि ऐपत असेल, तर तिथे जेवायलाही जावे.